आयत्या वेळचा ड्रॅगन

टिपणीसांच्या बायकोला लग्नाच्या चौतीस वर्षांत कुणी मान खाली घालायला लावली नव्हती. सासूबाईंना जमलं नाही, नोकरीतल्या साहेबांना जमलं नाही, आणि टिपणीसांनी तर कधी प्रयत्नच केला नाही. ते काम शेवटी डोळ्यांच्या एका तरुण डॉक्टरने तासाभरात उरकलं. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डॉक्टरने तो जागेवर बसवला, आत वायूचा एक बुडबुडा सोडला आणि सांगितलं, "आता पंधरा दिवस मान खाली. झोपायचं पालथं, बसायचं वाकून. बुडबुडा पडद्याला टेकून राहिला पाहिजे. मान वर केली की बुडबुडा सरकला, आणि बुडबुडा सरकला की आपण पुन्हा इथेच भेटणार."

"आणि टीव्ही?"

"डावा डोळा हलला की उजवाही हलतो. म्हणून दोन्हींवर पट्टी. टीव्ही नाही, मोबाइल नाही, पुस्तक नाही."

"उद्या नववा भाग आहे," ती जमिनीकडे तोंड करून म्हणाली.

डॉक्टरला वाटलं, भूल अजून पुरती उतरलेली नाही. त्याने टिपणीसांकडे बघितलं. टिपणीसांनी मान हलवली. भूल उतरली होती. हे दुखणं वेगळं होतं आणि तीन वर्षं जुनं होतं.

त्या दुखण्याचं नाव 'धुक्यापलीकडे'. ही टीव्हीवरची मालिका. तिचं नवं पर्व चालू होतं आणि दर शुक्रवारी दुपारी एक वाजता नवा भाग यायचा. एक म्हातारी राणी, तिच्या दोन मुली, नऊ दरवाजांचा किल्ला, तळ्याखाली झोपलेला ड्रॅगन आणि नवव्या दरवाजावर उभा असलेला एक मुका द्वारपाल. आठ दरवाजे कधी ना कधी उघडले होते. नववा दरवाजा कुठे उघडतो हे तीन वर्षांत कुणालाच कळलं नव्हतं, आणि टिपणीसांच्या मते ते लिहिणाऱ्यांनाही कळलेलं नव्हतं. पण त्यांचं मत घरात कुणी विचारलं नव्हतं. बायको मात्र रोज सकाळी चहाबरोबर राज्याचं पुढे काय होणार ते सांगायची. समोर टिपणीसांचं वर्तमानपत्र उघडलेलं असायचं. वर्तमानपत्राच्या वरून थोडे केस दिसायचे आणि मागून दर अर्ध्या मिनिटाने "हं" असा आवाज यायचा. यालाच ती चर्चा म्हणत असे, कारण ग्रुपवर तेवढीही होत नसे. ग्रुप 'धुकेवाले' या नावाचा होता आणि त्यावर इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं राज्य होतं. टिपणीसांच्या बायकोने काही अंदाज लिहिला की बाई उत्तरादाखल गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवत आणि पुढचा विषय घेत.

तर टॅक्सीत, गुडघ्यांवर कपाळ टेकवून बसलेल्या अवस्थेत, ती म्हणाली, "उद्याचा भाग तुम्ही बघायचा. आणि मला सांगायचा."

"तू बाहेर बसून नुसता ऐक की."

"नुसतं ऐकलं तर स्वयंपाकघरात भांडी पडल्यासारखं वाटतं. तुम्ही बघायचं." मग थोडं थांबून तिने खालूनच जोडलं, "एकतीस वर्षं लोकांच्या सभांचा शब्द न् शब्द लिहून घेतलात. माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाहीत. हा एक भाग तरी नीट बघा. तेवढंही जमलं नाही, तर मग मी काही बोलायचीच नाही."

टॅक्सीवाल्याने आरशातून टिपणीसांकडे सहानुभूतीने बघितलं. टिपणीस खिडकीबाहेर बघू लागले. चौतीस वर्षांत ती पुष्कळ रागावली होती, पण न बोलण्याची भाषा पहिल्यांदाच आली होती. आणि सकाळच्या चहाला समोरून आवाज नाही, नुसतं वर्तमानपत्र, ही कल्पना त्यांना वाटायला हवी होती तितकी सुखाची वाटली नाही.

टिपणीस हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव दुसरंच होतं, पण पाणीखात्याच्या मुख्य कार्यालयात एकतीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिल्यावर ते पगाराच्या पावतीपुरतं उरलं. त्यांच्या इतिवृत्ताची ख्याती होती. साहेब बदलले, पाण्याच्या टाक्या बदलल्या, पण टिपणीसांच्या इतिवृत्तावर कधी कुणी हरकत घेतली नाही. सभेत काय झालं हे लिहायला सभेत जागं राहावं लागतं, असा नवशिक्यांचा समज असतो. सभा दुपारी जेवणानंतर असत. टिपणीस सुरुवातीचा अर्धा तास ऐकत, शेवटची पाच मिनिटं ऐकत, आणि मध्ये जे व्हायलाच हवं होतं ते लिहीत. झालेल्यापेक्षा ते बहुधा चांगलंच असे. एकदा त्यांनी 'आवारात एक झाड लावण्याचे सर्वानुमते ठरले' असं लिहिलं. झाडाचा विषय कुणी काढलाच नव्हता. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं आणि झाड लागलं. आज त्याच्या सावलीत बारा स्कूटर उभ्या असतात.

शुक्रवारी टिपणीस पावणेएकलाच जेवले. इथेच पहिली चूक झाली, पण ती पोटाची होती. आतल्या खोलीत बायको पालथी झोपली होती. पलंगाच्या कडेला उशांच्या खाचेत तिचा चेहरा अडकवलेला होता आणि त्याच्या बरोबर खाली बुटक्या स्टुलावर फोन ठेवला होता. टिपणीस नंबर लावून द्यायचे, ती स्पीकरवर बोलायची. लांबून बघणाऱ्याला ती स्टुलाला दम देते आहे असं वाटलं असतं.

"दार लावून घ्या. आणि लक्ष द्या."

टिपणीसांनी दार लोटलं, खुर्ची टीव्हीसमोर घेतली, हातात वही घेतली आणि लक्ष दिलं. वीस मिनिटं त्यांनी इतकं लक्ष दिलं की तेवढं त्यांनी पाणीकपातीच्या सभेतही दिलं नव्हतं. राणीने दरबार भरवला. थोरलीने धाकटीवर आरोप केले. धाकटीला एका खोलीत कोंडलं, बाहेर मुका द्वारपाल उभा केला. मग बराच वेळ धुकं आलं. पांढरं, मऊ, हळूहळू सरकणारं धुकं, आणि त्याबरोबर एक लांबलचक सूर. जेवण झालेल्या माणसाला असं धुकं दाखवणं बरोबर नाही.

टिपणीसांना जाग आली तेव्हा धाकटी राजकन्या किल्ल्याबाहेर उभी होती, मागून धूर येत होता आणि खालून वर नावं सरकत होती.

दुसरा माणूस असता तर त्याने भाग मागे नेऊन पुन्हा बघितला असता. पण आतून आवाज आला, "संपला ना? या, सांगा," आणि टिपणीसांच्या हातात वही होती. एकतीस वर्षांच्या सवयीने पेन आपोआप चालू लागलं. सुरुवात होती, शेवट होता. मुलगी आत होती, आता बाहेर आहे. बाहेर द्वारपाल होता. मध्ये काय व्हायला हवं होतं हे उघडच होतं.

त्यांनी पलंगाशी बसून वाचायला सुरुवात केली. "उपस्थिती: राणीसाहेब, अध्यक्षस्थानी. थोरली राजकन्या. धाकटी राजकन्या. द्वारपाल. अनुपस्थित: सेनापती, मयत."

"तो मागच्या वर्षी मेला. पुढे."

"विषय क्रमांक एक. धाकट्या राजकन्येच्या निष्ठेबाबत. सविस्तर चर्चा झाली. चर्चेअंती त्यांना पश्चिमेच्या खोलीत ठेवण्याचे ठरले. विषय क्रमांक दोन. द्वारपालाने आपल्या कमरेची किल्ली कुणाच्याही नकळत धाकट्या राजकन्येस हस्तांतरित केली. राजकन्या बाहेर पडल्या."

उशांमधून आवाज आला.

"किल्ली दिली?"

"दिली."

"तुम्ही बघितलंत?"

टिपणीसांना खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण इतिवृत्त एकदा वाचलं की वाचलं. "नोंद आहे," ते म्हणाले.

"आणि ड्रॅगन?"

टिपणीसांना धूर आठवला. "आयत्या वेळचे विषय. ड्रॅगनबाबत चर्चा झाली. निर्णय पुढील सभेत."

हात लांब करून तिने चाचपडत त्यांचा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. "बरं बघितलंत हो," ती म्हणाली. टिपणीस स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

संध्याकाळी तिने स्टुलावरून मुख्याध्यापिकाबाईंना ही हकिगत सांगितली, आणि आतापर्यंत घरात मावणारी गोष्ट जिन्यात आली. कारण त्या भागात प्रत्यक्ष काय झालं होतं, तर ड्रॅगन जागा झाला होता. तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो ड्रॅगन तळ्यातून उठला, पंचवीस मिनिटं किल्ल्यावर आदळत राहिला, पश्चिमेची भिंत त्याने पाडली, आणि धाकटी त्या भगदाडातून चालत बाहेर आली. इमारतीतल्या खिडक्या थरथरल्या होत्या म्हणे. टिपणीसांची खुर्ची थरथरली नव्हती.

"भिंतच पडली होती, तर किल्ली कशाला?" बाईंनी फोनवर विचारलं. शाळेत पोरांचा खोटेपणा पकडतानाचा तोच आवाज होता.

आतल्या खोलीत टिपणीस खांबासारखे उभे होते. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या इतिवृत्तावर हरकत आली होती. आता बायको 'अहो' म्हणून हाक मारणार, मग सगळं बाहेर पडणार, आणि मग ती बोलायचीच बंद होणार.

"तेच तर," बायको स्टुलाला म्हणाली. "भिंत पडली असताना किल्ली दिली. म्हणजे ती त्या खोलीची किल्ली नाहीच."

पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"नववा दरवाजा," बाई शेवटी हळूच म्हणाल्या. "आणि ड्रॅगनबद्दल काय म्हणाले ते?"

"ड्रॅगन त्यांना तितका महत्त्वाचा वाटला नाही. आयत्या वेळच्या विषयांत घेतला त्यांनी."

त्या क्षणी टिपणीसांचं भवितव्य ठरलं. अख्खं गाव ड्रॅगनकडे बघत होतं तेव्हा हा एकटा माणूस द्वारपालाच्या हाताकडे बघत होता, ही बातमी रात्रीपर्यंत ग्रुपवर तेहतीस जणांनी वाचली. शेवटच्या भागाआधी मालिकेच्या कंपनीने मुद्दाम एक आठवडा रिकामा ठेवला होता, लोकांनी डोकी खाजवावीत म्हणून. लोक ती टिपणीसांच्या दिवाणखान्यात येऊन खाजवू लागले.

पहिले आले ग्रुपवरचे दातांचे डॉक्टर. यांचे स्वतःचे सतरा अंदाज होते आणि सतराही त्यांनी रोग्यांना खुर्चीत सांगून पाहिले होते. तोंड उघडं असलेल्या माणसाने आजवर एकालाही विरोध केला नव्हता. त्यांनी द्वारपालाच्या हाताचं चित्र एक्स-रेच्या फिल्मवर मोठं करून आणलं होतं. सोबत आणलेल्या उजेडाच्या पाटीवर लावून त्यांनी ते दाखवलं. "काका, ही सावली बघा. मूठ घट्ट मिटलेली आहे. मधल्या दोन बोटांत काहीतरी धातूचं आहे."

"असेल," टिपणीस म्हणाले.

"असेल काय, तुम्ही तर प्रत्यक्ष बघितलंत. आम्हाला हे चार वेळा बघून दिसलं."

मग तळमजल्यावरचा शिंपी आला. त्याने मालिका कधी गोष्टीसाठी बघितलीच नव्हती, तो शिवण बघायचा. "साहेब, आठव्या भागापर्यंत त्या द्वारपालाच्या अंगरख्याला डावीकडे खिसा नव्हता. नवव्यात आहे. खिसा काय उगाच लावतात? खिशाला मेहनत आहे." यावर डॉक्टर आणि शिंपी यांच्यात किल्ली मुठीत की खिशात यावरून वाद झाला, आणि दोघांनी निवाड्यासाठी टिपणीसांकडे बघितलं. टिपणीस म्हणाले, "आधी खिशात, मग मुठीत." दोघांचंही समाधान झालं. सभेत नेहमी असंच होई.

लोक सल्लेही देऊ लागले. द्वारपाल मुका नसून त्याने मौन धरलं आहे असं कुणी म्हणे, कुणी तो राणीचा भाऊ आहे म्हणे. डॉक्टरांनी जाता जाता टिपणीसांचे दात तपासून एक दाढ पोकळ झाल्याचं सांगितलं. टिपणीस चहा करत, कप विसळत, दोन-दोन तासांनी पट्टी सरकवून बायकोच्या उजव्या डोळ्यात थेंब घालत, आणि ती उशांमधून विचारी, "कोण आलं होतं? काय म्हणालं?" मग सगळं सांगावं लागे. तिच्या तोंडावर इतकी कळा त्यांनी पूर्वी कधी बघितली नव्हती, आणि आत्ताही दिसत नव्हती, कारण तोंड खाली होतं. पण आवाजावरून कळत होतं. रात्री दिवा मालवताना ती म्हणायची, "तुमचं लक्ष असतं हो. मीच उगाच बोलले." टिपणीस अंधारात छताकडे बघत पडून राहत.

तीनदा त्यांनी तो भाग पुन्हा बघायला घेतला. निदान काय चुकलं ते तरी कळावं. तिन्ही वेळा वेळ दुपारची होती, कारण बायको तेव्हाच झोपे, आणि तिन्ही वेळा धुक्यापाशी आल्यावर मालिकेने त्यांचा पराभव केला. चौथ्या वेळी त्यांनी उभं राहून बघितला. द्वारपालाने मूठ मिटली, एकदा नाक पुसलं आणि तो निघून गेला. बस. किल्लीचा मागमूस नव्हता.

आठव्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या. चष्म्यावरून त्यांनी घर तपासलं, उशांकडे बघून "कसं वाटतंय" असं उत्तराची वाट न बघता विचारलं आणि मुद्द्याला हात घातला. "पलीकडच्या रस्त्यावर एक ग्रुप आहे. चोरटे आहेत. शेवटचा भाग आल्यावर म्हणतील, किल्ली आम्हाला आधीच माहीत होती. आपल्याकडे तारखेचा पुरावा हवा. तुम्ही सगळं लिहून काढा, पाकीट बंद करा आणि रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा. शिक्क्यावर तारीख येते. पाकीट फोडायचं नाही. शेवटचा भाग संपला की सगळ्यांसमोर फोडायचं."

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला या योजनेतला धोका दिसायला हवा होता. पण टिपणीस थकले होते.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. "पाठवणाऱ्याचं नाव चुकून पुन्हा लिहिलंय."

"चुकून नाही. मीच पाठवतोय, मलाच."

"मग हातातच ठेवा की."

"शिक्का हवा आहे."

त्यांनी टिपणीसांकडे बघितलं. रांगेतल्या चार जणांनीही बघितलं. "आत काय आहे?"

टिपणीसांनी आवाज खाली आणला. "राजकन्येला किल्ली दिल्याबद्दल आहे."

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. शिक्का मात्र जरा जोरातच मारला.

पाकीट दुसऱ्या दिवशी आलं, तेव्हा टिपणीस डोळ्यांचे थेंब आणायला औषधांच्या दुकानात गेले होते आणि बायकोला उठायची बंदी होती. पोस्टमनने 'घेणारा घरी नाही' असा शेरा मारून पाकीट पाठवणाऱ्याकडे परत धाडलं. पाठवणारा त्याच पत्त्यावर राहत होता. तिथे ते तिसऱ्या दिवशी आलं, तेव्हा टिपणीस ते पाकीट सोडवायला पोस्टात गेले होते. 'पाठवणाराही घरी नाही' असा दुसरा शेरा बसला. आता ते कुणाकडे परत पाठवायचं याबद्दल नियम नव्हता. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "वरून मार्गदर्शन मागवलंय." टिपणीसांनी हे वाक्य स्वतः हजारदा लिहिलं होतं. ते कोणत्या दगडाचं बनलेलं असतं ते त्यांना माहीत होतं. ते मुकाट्याने घरी आले.

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दवाखान्यात पट्ट्या निघायच्या होत्या. दुपारी एकला शेवटचा भाग होता आणि तो बघायला सगळे टिपणीसांकडेच जमणार होते. बायको आधी नववा भाग बघेन म्हणाली होती, दुपारच्या आत. टिपणीसांनी रात्रभर विचार करून ठरवलं की तिने स्वतः बघण्याआधी आपण सांगून टाकावं. निदान तेवढं तरी आपल्या तोंडून जावं.

"अगं," ते टॅक्सीत म्हणाले, "त्या नवव्या भागाबद्दल थोडं सांगायचं होतं."

"आता राहू द्या. बुडबुडा हलेल." ती शेवटची वेळ म्हणून गुडघ्यांत डोकं आणखी खोल घालून बसली होती.

डॉक्टरने पट्ट्या काढल्या, बॅटरी मारून बघितलं आणि पडदा बसल्याचं सांगितलं. तिने पंधरा दिवसांनी मान वर केली. पहिल्यांदा समोर टिपणीस दिसले. तिने त्यांना नीट बघून घेतलं. "वाळलात," ती म्हणाली. टिपणीस तिच्या चपला शोधू लागले आणि सांगायचं राहून गेलं. शिवाय डॉक्टरने तिला दिवसाकाठी एकच तास टीव्हीला परवानगी दिली, म्हणून नववा भाग बघायचाही राहिला. टिपणीसांची फाशी एका भागाने पुढे गेली, इतकंच.

एक वाजता दिवाणखान्यात अकरा माणसं होती. शिंपी जमिनीवर टीव्हीच्या अगदी पुढ्यात, टाके दिसावेत म्हणून. बाई टिपणीसांच्या खुर्चीत. टिपणीस दाराशी उभे होते, झोप लागू नये म्हणून, आणि वेळ आलीच तर बाहेर पडता यावं म्हणूनही.

राणी मेली. थोरली पळाली. ड्रॅगन पुन्हा तळ्यात जाऊन झोपला आणि टिपणीसांना त्याचा हेवा वाटला. धाकटी राजकन्या एकटी नवव्या दरवाजासमोर आली. द्वारपाल समोर उभा. तिने काही न बोलता हात पुढे केला. द्वारपालाने आपली मूठ तिच्यासमोर धरली आणि एकेक बोट सोडत उघडली.

मूठ रिकामी होती.

मग धुकं आलं, आणि पुढचं पर्व दोन वर्षांनी असल्याची अक्षरं आली.

टिपणीसांनी डोळे मिटले. एकतीस वर्षांची अब्रू आणि चौतीस वर्षांचा संसार या दोन्हींचा त्यांना एकदमच निरोप घ्यावासा वाटला.

"रिकामी," दातांचे डॉक्टर पुटपुटले. मग उभे राहिले. "रिकामी. काका, रिकामी. म्हणजे किल्ली त्याच्याकडे नाहीच. कारण त्याने ती आधीच देऊन टाकली आहे."

"तरीच ती काही बोलली नाही," शिंपी म्हणाला. "तिच्याकडेच आहे. बाहीला अस्तर बघितलंत? दुहेरी आहे."

मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतून उठल्या, दाराशी आल्या आणि त्यांनी टिपणीसांचा हात हातात घेतला. "मी चाळीस वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या. "असा विद्यार्थी मिळाला नाही." मग त्यांनी पाकीट मागितलं. ते मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत आहे असं कळल्यावर त्या म्हणाल्या की काही हरकत नाही, दोन वर्षं आहेत.

सगळे गेले. कप विसळून झाले. टिपणीस ओल्या हातांनी आत आले. बायको पलंगावर बसली होती, ताठ, मान वर करून. आता पळायला जागा नव्हती.

"अगं, मला त्या दिवशी झोप लागली होती," टिपणीस म्हणाले. "धुक्यापासून शेवटपर्यंत. किल्ली मी बघितली नाही. मी ती लिहिली."

"माहीत आहे."

टिपणीसांनी ओले हात सदऱ्याला पुसले.

"पट्टी डोळ्यांवर होती, कानांवर नव्हती. पंचवीस मिनिटं घोरत होतात. ड्रॅगनपेक्षा तुम्हीच जास्त ऐकू येत होतात."

"मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"बोलणार होते. झोपलात तेव्हाच ठरवलं होतं, आता या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. मग तुम्ही किल्ली वाचलीत." ती थांबली. "ती किल्ली माझी आहे. द्वारपाल पहिल्यांदा आला ना, मागच्या वर्षी, तेव्हा मी सांगितलं होतं. चहा पिताना. हा कधीतरी धाकटीला गुपचूप किल्ली देणार, आणि ती भलत्याच दरवाजाची असणार. ग्रुपवर पण लिहिलं होतं. बाईंनी फूल पाठवलं."

टिपणीसांना काही आठवेना. वर्तमानपत्र आठवत होतं, चहा आठवत होता.

"तुम्ही म्हणालात, हं. मला वाटलं, नेहमीसारखं. झोपेतून उठून जे लिहिलंत, ते माझं वाक्य होतं. शेवटपर्यंत."

टिपणीस पलंगाच्या कडेवर बसले. मग उठून त्यांनी बाहेरून वही आणली, नवव्या भागाचं पान काढलं आणि खाली लिहायला घेतलं. एकतीस वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं. 'मागील इतिवृत्तात पुढील दुरुस्ती करण्यात येत आहे. विषय क्रमांक दोन, सूचक:' आणि त्यापुढे त्यांनी बायकोचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

तिने वही जवळ घेऊन डाव्या डोळ्याने वाचलं. "अनुमोदक?"

"आता अनुमोदक तेहतीस आहेत. ग्रुपवर टाकूया का? बाईंना कळू दे."

"नको. कळलं की पुन्हा फूल पाठवतील. तुमच्याच नावावर राहू दे, चालेल मला. मात्र पुढच्या दोन वर्षांचं मी ठरवणार. तुम्ही फक्त लिहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. वर्तमानपत्र टेबलावर होतं. टिपणीसांनी ते उचललं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत बसावं तसे ते ताठ बसले आणि बायकोकडे बघत राहिले. ती नव्या पर्वाबद्दल सांगू लागली. थोरली नक्की परत येणार, पण राणी म्हणून नाही. दोन वाक्यं झाली, चार झाली. मग ती थांबली.

"मी काय म्हणाले आत्ता?"

टिपणीसांनी पुष्कळ प्रयत्न केला. "थोरली," ते म्हणाले. आणि मग काहीच आठवेना.

तिने सुस्कारा टाकला, वर्तमानपत्र उचललं, उघडलं आणि त्यांच्या तोंडासमोर धरून त्यांच्या दोन्ही हातांत दिलं. "हे असंच धरा," ती म्हणाली. "तुम्हाला त्याच्या आडूनच ऐकू येतं."

मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि अर्ध्या मिनिटाने पलीकडून आवाज आला, "हं."